दवाखान्यात मारहाण झाली तर तक्रार कशी द्यायची? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी)

सीमेवरचा_वकील

आपल्या पट्ट्यात दवाखान्यात हाणामारी झाली की ठरलेला क्रम असतो. दुसऱ्या दिवशी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला निवेदन, एक दिवस ओपीडी बंद, पेपरात फोटो. महिन्याभराने केस कुठे अडकली ते कुणाला ठाऊक नसतं. कायदा नाही म्हणून हे होत नाही, कायदा २००९ पासून आहे. पहिल्या काही तासांत दिलेली तक्रार कच्ची असते, म्हणून केस मऊ पडते. या धाग्यात फक्त तेवढ्यावर बोलूया.

कर्नाटकातला मुख्य कायदा म्हणजे वैद्यकीय सेवकांवरची हिंसा आणि वैद्यकीय संस्थांच्या मालमत्तेचं नुकसान रोखणारा २००९ चा कायदा. पूर्ण नाव स्टेशनात कुणी घेत नाही, 'मेडिकेअर ॲक्ट' म्हटलं की कळतं. कलम ३ मनाईचं, कलम ४ शिक्षेचं. मूळ तरतूद तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. फोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट रक्कम आरोपीवर बसते आणि त्याने ती भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन शिक्षा वाढली आणि अपमान करण्याच्या हेतूने बोललेलंही कक्षेत आलं. म्हणून स्टेशनला जाताना दुरुस्तीसह प्रत छापून न्या, जुनं पुस्तक नको.

आता खरी मेख. तक्रारीत नुसतं 'भांडण झालं, शिवीगाळ केली, मारलं, धमकी दिली' असं लिहिलं की भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) ही कलमं लागतात. तिन्ही अदखलपात्र. म्हणजे एनसीआर (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होतो आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपासच सुरू होत नाही. त्यात मेडिकेअर ॲक्टचं कलम एकदा आलं की सगळं प्रकरण दखलपात्र होतं, कारण एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी पूर्ण प्रकरण तसंच धरतात. तेव्हा तक्रारीत हे आलंच पाहिजे: मार खाणारा त्या वेळी कोणत्या ड्युटीवर होता, कोणत्या वॉर्डात, काय काम चालू होतं, आणि मारहाणीमुळे कोणत्या रुग्णांचं कोणतं काम किती वेळ थांबलं. 'रात्री ११:२० ते १२:०५ कॅज्युअल्टी बंद, तीन रुग्णांना दुसरीकडे पाठवावं लागलं' या एका ओळीने कामात अडथळा सिद्ध व्हायला जेवढी मदत होते तेवढी पानभर संतापाने होत नाही.

शिव्या जशाच्या तशा लिहा, ज्या भाषेत दिल्या त्याच भाषेत. 'अर्वाच्य भाषा वापरली' असं सभ्य लिहिलं तर कोर्टात त्यातून काही निघत नाही.

सिस्टर_निपाणी

खासगी दवाखान्यातल्या स्टाफ नर्सला 'सरकारी कामात अडथळा' लागतो का? स्टेशनात प्रत्येक वेळी वेगळं सांगतेत.

सीमेवरचा_वकील

नाही लागत. न्याय संहितेचं कलम १३२ (दोन वर्षांपर्यंत) आणि १२१ (दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला एक ते दहा वर्षं) ही लोकसेवकासाठी आहेत. बिम्स (बेळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज), तालुका रुग्णालय, सीएचसी, पीएचसी (सरकारी आरोग्य केंद्रं) इथल्या नेमणुकीच्या माणसांना लागतात. खासगीत मेडिकेअर ॲक्ट हाच कणा. त्याला जोडून दुखापत, बेकायदा जमाव (१८९), दंगल (१९१), अडवून ठेवणं (१२६), महिलेवर हात टाकला असेल तर ७४, घाणेरडं बोलणं किंवा हावभाव असतील तर ७९.

कंत्राटी आणि एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) लोकांबाबत स्टेशनात घोळ होतो. नेमणूकपत्राची आणि त्या दिवसाच्या ड्युटी रोस्टरची झेरॉक्स तक्रारीला जोडा आणि दोन्ही कलमं मागा, १३२ सुद्धा आणि मेडिकेअर सुद्धा. एक उडालं तरी दुसरं उभं राहतं.

घटप्रभा_काठ

वॉर्डबॉय, वॉचमन, बिलिंगचा मुलगा? मार तर पहिला त्यांनाच बसतो.

सीमेवरचा_वकील

इथे कायदा तोकडा आहे हे खरं. २००९ च्या व्याख्येत नोंदणीकृत डॉक्टर, नोंदणीकृत नर्स, मेडिकल आणि नर्सिंगचे विद्यार्थी आणि संस्थेत काम करणारे पॅरामेडिकल कर्मचारी येतात. काउंटरवरच्या मुलाचं नाव त्यात नाही. पण एकाच घटनेत कॅज्युअल्टीचं काम बंद पडलं असेल तर तक्रार काउंटरवरच्या मुलाच्या नावाने देऊच नका. ती संस्थाप्रमुखाने द्यावी आणि मुलगा जखमी साक्षीदार म्हणून यावा. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरच्या खून प्रकरणानंतर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १६ ऑगस्ट २०२४ ला काढलेल्या पत्रात हेच तत्त्व आहे: संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर द्यायचा. ते पत्र केंद्राच्या संस्थांसाठी असलं तरी सहा तासांची मर्यादा आपणही पाळावी. दुसरा फायदा असा की तक्रारदार संस्था असली की एकट्या नर्सच्या घरी जाऊन दबाव टाकण्यात अर्थ उरत नाही.

आशाताई_खानापूर

आम्ही दवाखान्यात नसतोच. सर्व्हे, लसीकरण, टीबीच्या गोळ्या, रात्री बाळंतिणीबरोबर जाणं, सगळं काम गावात नाहीतर गाडीत. दारू पिऊन कुणी अंगावर आलं तर कोणतं कलम?

सीमेवरचा_वकील

ताई, २००९ च्या कायद्याचा भर संस्थेच्या आवारातल्या कामावर आहे, त्यामुळे घरभेटीतल्या मारहाणीला तो लावून घेणं अवघड जातं. साथरोग कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने सामुदायिक आरोग्यसेवकांना स्पष्ट संरक्षण मिळालं (तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर दुखापत असेल तर सहा महिने ते सात वर्षं, तपास तीस दिवसांत). पण ते साथीच्या काळापुरतं. एरवी न्याय संहितेवरच भागवावं लागतं: १२६, ७४, ७९, ७५ (लैंगिक छळ).

लोंढा_जंक्शन

आशांसाठी एक मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यात 'कामाचं ठिकाण' म्हणजे कामानिमित्त गेलेली कोणतीही जागा, वाहन आणि राहतं घरसुद्धा. छळणारा बाहेरचा असला तरी, बाईची इच्छा असेल तर फौजदारी कारवाई सुरू करून देणं ही नेमणाऱ्याची जबाबदारी आहे, कलम १९. म्हणजे पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने 'तुमचं गावातलं भांडण आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत. अर्ज लेखी द्या, एक प्रत टीएचओला (तालुका आरोग्य अधिकाऱ्याला), पोच घ्या. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. उशिराचं कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती.

एमएलसी_रजिस्टर

डॉक्टर मंडळींकडून होणारी सर्वांत मोठी चूक: मार खाल्लेला डॉक्टर स्वतःच्याच दवाखान्यात, स्वतःच्याच ज्युनिअरकडून ड्रेसिंग करून घेतो आणि कागद काहीच नसतो. एमएलसी (पोलीस केसची वैद्यकीय नोंद) नोंदवून तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्या. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, आणि 'कशाने झाली असावी' हे वूंड सर्टिफिकेटवर पाहिजे. नुसतं 'मल्टिपल कंट्यूजन्स' (अनेक ठिकाणी मुका मार) लिहिलेलं सर्टिफिकेट उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. मुका मार पहिल्या दिवशी नीट दिसत नाही, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी निळा पडतो. तेव्हा दुसऱ्यांदा दाखवून फोटो घ्या, शेजारी पट्टी धरून.

नाकावर बसलं असेल, दात हलला असेल तर एक्स-रे टाळू नका. हाड मोडलं किंवा दात पडला की गंभीर दुखापत ठरते, न्याय संहितेचं कलम ११६. त्याच कलमात आणखी एक आहे: पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत तरी गंभीर. जुन्या आयपीसीत हे वीस दिवस होते. म्हणून आठव्या दिवशी 'बरं वाटतंय' म्हणून ड्युटीवर हजर होताना विचार करा. दुखत असेल तर रजेचा आणि फॉलोअपचा कागद असू द्या. दुखत नसताना मात्र ताणू नका, बचावपक्ष हजेरीपुस्तक मागवतोच.

डीव्हीआर_वाला

सीसीटीव्हीबद्दल. बहुतेक छोट्या दवाखान्यांत आठ कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असते. सेटिंगप्रमाणे आठवडा ते तीन आठवड्यांत जुनं पुसून वर नवं चढतं. पोलीस दहाव्या दिवशी मागायला येतात तोवर गेलेलं असतं. त्याच रात्री:

डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एका फ्रेममध्ये धरून फोटो काढा. डीव्हीआर बऱ्याच वेळा दहा-पंधरा मिनिटं मागे-पुढे असतो आणि तेवढ्यावर आरोपी 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' म्हणतो. घड्याळ त्यानंतर दुरुस्त करू नका, तपास होईपर्यंत जसं आहे तसं राहू द्या.

घटनेच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास धरून फुटेज काढा, फक्त मारहाणीची चाळीस सेकंद नकोत. शक्य असेल तर मूळ डिस्कच काढून सीलबंद करून पंचनाम्यात पोलिसांना द्या आणि नवी डिस्क बसवा. हजार दोन हजार वाचवायला जाऊ नका. कॉपी देत असाल तर पुरावा अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुन्या ६५-ब च्या जागचं. त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा आकडा) लिहायची असते. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली की ती दाबली जाते, हॅश बदलते. ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पुरावा म्हणून निकामी. वर त्यात दुसऱ्या रुग्णाचा चेहरा दिसला तर वेगळीच भानगड.

टिळकवाडी_कट्टा

फोडलेल्या वस्तूंच्या दुप्पट किमतीचं म्हणताय, ती मिळते का कधी?

सीमेवरचा_वकील

बिल नसतं म्हणून अडते. मॉनिटर फुटला, काच फुटली, इसीजी मशिन आपटलं, आणि खरेदीचं बिल चार्टर्ड अकाउंटंटकडे किंवा कुठेच नाही. वस्तूचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदी तारीख, जीएसटी बिलाचा नंबर, स्टॉक रजिस्टरचं पान अशी यादी करून पंचनाम्याच्या वेळीच हातात द्या. तुकडे झाडून टाकू नका. झाडूवाल्या मावशी सकाळी सहाला येतात हे लक्षात ठेवून दाराला कुलूप घाला.

शिनोळी_नाका

आमच्याकडचा प्रश्न. चंदगडचे पेशंट बेळगावला जातात. ॲम्ब्युलन्स शिनोळीजवळ अडवून ड्रायव्हरला मारलं तर केस कुठे? बेळगावच्या दवाखान्यात चंदगडच्या लोकांनी मारलं तर?

सीमेवरचा_वकील

कायदा घटनास्थळाचा. पेशंटचं गाव कुठलं, त्याने फरक पडत नाही. शिनोळी महाराष्ट्रात, म्हणून तिथे महाराष्ट्राचा २०१० चा कायदा बघायचा. बेळगावच्या वॉर्डात घडलं तर कर्नाटकाचा २००९ चा, मारणारा कुठलाही असो. पण तक्रार द्यायला घटनास्थळीच परत जावं लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागची) कलम १७३(१) प्रमाणे कोणत्याही स्टेशनला हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवावी लागते, झिरो एफआयआर. ड्रायव्हरने पेशंट बेळगावात पोचवावा, तिथल्याच स्टेशनला तक्रार द्यावी, ती पुढे चंदगडला जाते. ई-मेलनेही देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची.

बेळगावातल्या घटनेत आरोपी एमएच ०९ च्या गाडीतून निघून गेले की समन्स, वॉरंट सगळं दोन राज्यांच्या पोलिसांतून फिरतं आणि तिथे महिने जातात. गेटवरच्या रजिस्टरमध्ये गाडी नंबर आणि ॲडमिशनच्या फॉर्मवर नातेवाइकाचा पूर्ण पत्ता, तालुका, मोबाइल हे रोजच्या रोज नीट भरलं जात असेल तर हा त्रास निम्मा होतो. 'मु. पो. चंदगड' एवढ्यावर पोलीस कुणाला शोधणार?

हुक्केरी_रोड

आणि एफआयआर कन्नडमध्ये. सही करणाऱ्या सिस्टरला वाचता येत नाही.

सीमेवरचा_वकील

सही करण्याआधी वाचून दाखवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपली तक्रार आधीच कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत टाइप करून न्या, स्टेशनात तोंडी सांगून रायटरला लिहू देऊ नका. तोंडी सांगितलं की 'चाकूसारखं काहीतरी' चं 'चाकू' होतं आणि दोन वर्षांनी साक्षीत तीच तफावत तुमच्यावर उलटते. मराठीच येत असेल तर शेवटी एक ओळ घाला: 'मजकूर मला मराठीत समजावून सांगितला, तो बरोबर आहे', आणि सांगणाऱ्याचं नाव-सही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका आणि कलमं तिथेच तपासा.

स्टेशनने एफआयआर न करता पिटिशन (साधा अर्ज) म्हणून ठेवून घेतलं किंवा हिंबरह (लेखी उत्तर) देऊन बोळवण केली तर त्याच सुरक्षा संहितेचं १७३(४): तक्रारीचा मजकूर लेखी, पोस्टाने वरिष्ठांकडे. बेळगाव शहर आणि भोवतालचा भाग पोलीस आयुक्तालयाकडे, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी एसपींकडे. तिथेही हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज. पोस्टाची पावती नसेल तर मॅजिस्ट्रेट पहिला प्रश्न तोच विचारतात.

रागीट_रेसिडेंट

एवढं सगळं केलं तरी पोरं दुसऱ्या दिवशी चौकात चहा पीत असतेत. अजामीनपात्र कशाला म्हणायचं मग?

सीमेवरचा_वकील

अजामीनपात्र म्हणजे जामीन स्टेशनात हक्काने मिळत नाही, कोर्ट ठरवतं, एवढाच अर्थ. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी ते पोलिसांना लिहून दाखवावं लागतं, नाहीतर सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देऊन सोडतात. सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार निकाल (२०१४) तेच सांगतो. त्यावर ओरडून उपयोग नाही. उपयोग याचा: आरोपी पुन्हा दवाखान्यात आला, फोन केले, साक्षीदाराला गाठलं, तर प्रत्येक वेळी तारीख-वेळेसह नवी लेखी तक्रार. अटकेचं कारण आणि जामीन रद्द करण्याचा आधार त्यातूनच तयार होतो.

गणेशपूर_गल्ली

सगळा धागा डॉक्टरांच्या बाजूने. माणूस गेलेला असतो, बिलासाठी बॉडी अडवतात, कार्ड चालेल म्हणून ॲडमिट करून घेतात आणि तिसऱ्या दिवशी चालत नाही म्हणतात. त्यांनी कुठे जायचं?

एमएलसी_रजिस्टर

बरोबर प्रश्न. बिलासाठी मृतदेह अडवणं कर्नाटकात बेकायदा आहे, केपीएमई (खासगी दवाखान्यांच्या) कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने. तक्रार डीसींच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राधिकरणाकडे. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल कर्नाटक मेडिकल कौन्सिल. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, पाच लाखांपर्यंत मोबदल्याच्या प्रकरणात फी नाही. केसपेपरची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते. हे तीन पत्ते कॅज्युअल्टीच्या भिंतीवर कन्नड-मराठीत लावलेले बरे. '३ वर्षं कैद' चा लाल बोर्ड एकटा लावला की माणसाला धमकीच वाटते.

आणि कार्डाचं. महात्मा फुले असो की आयुष्मान-आरोग्य कर्नाटक, या सरकारी योजनांची मंजुरी आली नसेल तर 'आली नाही, न आल्यास अंदाजे इतका खर्च' असं ॲडमिशनलाच लिहून सही घ्यायची. मृत्यू सांगताना इंटर्नला पुढे करायचं नाही. वरिष्ठ डॉक्टरने, बसवून, दोन जवळच्या माणसांना, त्यांच्या भाषेत सांगायचं. गर्दीला कॉरिडॉरमध्ये सांगितलं की पुढचं सगळं तिथेच सुरू होतं.

घटनेनंतर केसपेपरमध्ये एक अक्षरही भरायचं नाही. राहिलेली नोंद घालायचीच असेल तर आजची तारीख-वेळ टाकून 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून. खाडाखोड सापडली की मारहाणीची केस बाजूला राहते आणि निष्काळजीपणाची पुढे येते.

लोंढा_जंक्शन

ती उलट केस येतेच. न्याय संहितेचं कलम १०६(१), निष्काळजीपणाने मृत्यू, डॉक्टरसाठी दोन वर्षांपर्यंत. जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे (२००५) पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायचं, शक्यतो सरकारी, आणि उठसूट अटक करायची नाही. त्या निकालाची प्रतही फाइलमध्ये ठेवा. आणि मत मागवलेलं असताना मत देणाऱ्या डॉक्टरला फोन करू नका.

सिस्टर_निपाणी

गावातली मोठी माणसं येऊन मिटवून घ्या म्हणतेत. मिटवता येतं का?

सीमेवरचा_वकील

साधी दुखापत आपसात मिटवता येते, मेडिकेअर ॲक्टचा गुन्हा तसा मिटत नाही. त्यासाठी हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जाऊन केस रद्द करून घ्यावी लागते, तो खर्च आणि खटाटोप आरोपीचा. हे आलेल्या मोठ्या माणसांना शांतपणे सांगितलं तरी अर्धी गर्दी परत जाते. मिटवायचंच ठरलं तर नुकसानीची रक्कम आधी बँकेतून, मग सही. स्टेशनात बसून 'आमची तक्रार नाही' असं लिहून देऊ नका, त्यावर बी रिपोर्ट (केस बंद करा असा पोलिसांचा अहवाल) कोर्टात जातो. बी रिपोर्टची नोटीस आलीच तर कोर्टाने दिलेल्या तारखेला हजर राहून प्रोटेस्ट पिटिशन (त्या अहवालावर हरकतीचा अर्ज) द्या. त्या तारखेला कुणी गेलं नाही तर केस तिथेच बंद.

आशाताई_खानापूर

वकिलाची फी?

लोंढा_जंक्शन

महिला असाल तर उत्पन्न किती हे न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही. खानापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, नाहीतर १५१०० ला फोन. सोबत एफआयआरची किंवा पोच घेतलेल्या अर्जाची झेरॉक्स आणि आधार.